दुमडलेली आजी

तैलरंगातल्या टर्पेंटाइनचा वास आला की कतारमध्ये दोह्याला नोकरीत असतानाची माझी हुशारी आठवते: भेट मिळालेलं कॅनव्हासचं चित्र बाजारातल्या तयार फ्रेममध्ये मावेना, म्हणून मी त्याची एक बाजू सरळ मागे दुमडली. चित्र आमच्या कॅनडाच्या साहेबाच्या बायकोने काढलेलं. त्यात तिच्या दोन आज्या शेजारी बसलेल्या, एक मण्यांच्या माळा घातलेली तिथली आदिवासी, दुसरी लेसच्या कॉलरची स्कॉटिश. ती चहाला आली आणि भिंतीपुढे थबकली. “माझी आदिवासी आजी कुठे गेली?” “फ्रेम लहान पडली, मॅडम,” मी हसत म्हणालो. “आमच्या घरच्यांनीही तिला अशीच लपवली होती,” ती म्हणाली आणि चहा तसाच ठेवून उठली. मी शरमेने फ्रेम भिंतीवरून उतरवायला लागलो. कप उचलताना माझी बायको म्हणाली, “फ्रेम लहान होती, मान्य. पण दुमडायला तुम्हाला गोरी आजी नाही का सापडली?”