पंगत उठेपर्यंत

ग्लासातल्या पाण्यावर पूड सोडायची आणि ती ओली होईपर्यंत चमचा लावायचा नाही, असा त्यांचा शिरस्ता होता. घाई केली की गुठळ्या होतात. तेवढा वेळ ते पुडीकडे बघत बसत आणि मध्येच म्हणत, "मी नाई इसरत." हे वाक्य त्यांच्या साळ्यासाठी, बायकोच्या भावासाठी असे.

अमरावतीत ते माझे शेजारी होते. एसटीतून निवृत्त झालेले वाहक. आता ते नाहीत. राग जपून ठेवणारी माणसे तुम्हीही पाहिली असतील. इतक्या शांतपणे जपणारा मी दुसरा पाहिला नाही.

पित्ताशय काढल्यापासून जेवले की त्यांना संडासला धावावे लागे. नांदगाव खंडेश्वरला सासरी रोडग्यांचे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचे, जेवण होते. ते अर्ध्या जेवणातून उठले, तेव्हा साळा वाढता वाढता म्हणाला, "भाऊजीचं पान संडासापाशीच मांडा रे." पंगत हसली. त्यानंतर दोघे नवरा-बायको तिकडे गेले नाहीत. बाईंचे माहेर तुटले.

बरेच दिवस आवेची औषधे झाली. शेवटी एका डॉक्टरांनी उलगडून सांगितले: साठवायला पिशवी नाही, म्हणून पित्त सारखे आतड्यात उतरते आणि जुलाब होतात. कोलेस्टिरामिनची पूड ते पित्त धरून ठेवते आणि शौचावाटे बाहेर नेते. दवाखान्यात भेटलेल्या एका गृहस्थांना तीच पूड कोलेस्टेरॉलसाठी होती, काविळीच्या एका बाईंना अंगाच्या खाजेसाठी.

सुरुवातीला त्यांनी रक्तदाबाची गोळी पुडीबरोबरच घेतली. पुडीने गोळीही धरून ठेवली आणि रक्तदाब चढला. दोन्हींत काही तासांचे अंतर ठेवा, म्हणून डॉक्टर रागावले. हे मात्र खुशीत होते. "लय चिकट हाय, माह्यासारखी."

जुलाब थांबले. पुढे साळ्याने शेतात रोडगे ठेवले. थोरल्या जावयाला बोलावणे भागच होते. गाडी मी चालवली. बाई वाटेत एकदाच बोलल्या, "तिथं काही झालं तं मी पुन्हा माहेरी तोंड नाई दाखवू शकत."

जेवणाआधी त्यांनी पूड घेतली आणि पहिल्या पंगतीत मधोमध बसले. थोरला जावई उठल्याशिवाय पंगत उठत नाही, अशी त्या घरची रीत. त्यांनी रोडगा कुस्करला, तूप मागितले आणि अगदी लहान घास घेऊ लागले. त्यांच्या कपाळावर घाम होता. कशाचा, ते फक्त बाईंना आणि मला ठाऊक होते.

बाकीच्यांचे हात पानावरच वाळले. दुसरी पंगत उन्हात ताटकळली. तुपाची बुधली घेऊन साळा पुन्हा पुन्हा वाकत होता.

"झालं का भाऊजी?"

"आता तं बसलो."

शेवटी साळा त्यांच्या कानाशी लागला. "चुकलं माह्यं. लोकं उभे हायेत, भाऊजी."

"मोठ्यानं बोल. त्या दिवशी साऱ्याईले आयकू गेलं होतं."

साळा सरळ उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे पुन्हा बोलला. कोणी हसले नाही. चुलीजवळ बाईंनी पदर तोंडाशी धरला होता.

त्यांनी ऐकून घेतले, मान हलवली आणि पान थोडे पुढे सरकवले.

"बरं. आता वांग्याची भाजी आन."