कपाळावरची सुपारी

डेअरीवर सकाळी जेवढं दूध जमा होतं, तेवढेच किस्से जमा होतात. दुधाला निदान फॅट बघून भाव तरी मिळतो, किश्शांना कोण विचारतंय? आता माझ्या कपाळावरच्या गाठीचंच घ्या. गाठ निघाली, जखम भरली, पण आमच्या पणदऱ्यात कुणी भेटलं की आधी माझ्या कपाळाकडं बघतं, आणि मला परत पहिल्यापासून सांगायला लागतं!

गाठ होती उजव्या भुवईच्या वर. आधी ज्वारीच्या दाण्याएवढी, मग बोराएवढी, शेवटी चांगली सुपारीएवढी. गावात दत्ता तीन. एक वायरमन, एक गुऱ्हाळवाला आणि तिसरा मी, दत्ता टेंगूळ! डेअरीवर दूध मोजून घेणारे मुनीरभाई माझी किटली दिसली की आत ओरडायचे, "टेंगळाचं दूध घ्या रे!"

ऑपरेशन झाल्यावर पंचाईत त्यांचीच झाली.

"दत्ताभाऊ, आता तुमाला वळखायचं कसं?"

म्हटलं, "नुसतं दत्ता म्हणा की!"

"तसं न्हाय जमत. माजी सरपंच असतोय ना? तसं तुमी माजी टेंगूळ!"

आजही तेच चालू आहे.

*

गाठ दुखत नव्हती तोवर मी कुणाचं ऐकलं नाही. एकदा मात्र ती लालबुंद झाली, सुजली, तेव्हा बायकोनं, मंगलनं, मला गाडीवर मागं बसवून बारामतीला नेलं.

डॉक्टरांनी दाबून बघितलं. "ही रोज कशाला तरी घासते का?"

"व्हय. गाईला!"

डॉक्टरांनी परत विचारलं, "गाईला?" मग त्यांना चंद्रीचं सांगावं लागलं. चंद्री माझी पहिलारू, पहिल्याच वेताची गाय. तिची आई तिला जन्म देतानाच गेली. मी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. धार काढताना तिच्या कुशीला कपाळ टेकवायची माझी सवय, त्यामुळं टेंगूळ रोज एकाच जागी रुतायचं. तिथले तिचे केससुद्धा गेलेत! दुसऱ्या कुणी कासेला हात लावला की मात्र ती लाथ झाडायची.

"साधी गाठ आहे, काढून टाकू," डॉक्टर म्हणाले. "तेवढ्या जागेलाच भूल देतो. तुम्ही बोलत राहा."

मला बोलत राहा म्हणायचं म्हणजे! डॉक्टरांनीही शेतावर दोन गाई घेतलेल्या. त्यांनी मुरघासाचं, हिरवा चारा पिशवीत दाबून मुरवायचं विचारलं आणि मी सुरू झालो. टाके घालून झाले तरी माझा मुरघास काही पिशवीत भरून झाला नव्हता!

निघताना म्हणाले, "टाके निघेपर्यंत गोठ्यात जायचं नाही. शेण, माती, पाणी, काही लागता कामा नये."

मी दारातच मागं वळलो. "मग चंद्रीची धार?"

"तिला सांगा, डॉक्टरांनी बंदी घातलीय!"

*

कपाळाची पट्टी चांगली फेट्याएवढी बांधलेली. ती कुणीतरी बघितली आणि बातमी निघाली. पणदऱ्याच्या वेशीवर ती 'दत्ता गाडीवरनं पडला' अशी होती. अंथुर्ण्याला माझ्या सासुरवाडीत पोचेपर्यंत 'दाजींचं मेंदूचं ऑपरेशन' झालं!

दुपारी जीप भरून माणसं दारात. शहाळी, बिस्किटपुडे, आणि पुढं पदर डोळ्याला लावलेल्या सासूबाई. मी ओट्यावर बसून मटणाच्या रश्शात भाकरी कुस्करत होतो.

"या मामी, जेवायला बसा," म्हटलं.

सासूबाईंचं रडं एकदम थांबलं. त्या मेहुण्याकडं वळून म्हणाल्या, "आरं, ह्यो तर जेवतुया! मग मला जीपमधी वाटभर रडवलंस कशाला?"

*

इकडं गोठ्यात मात्र खरंच वाईट चाललं होतं. मंगल बसली की चंद्री पान्हाच चोरायची. अर्धी बादली निघायची, तीही लाथेनं सांडायची. दूध कासेत राहिलं तर कास सुजून दगड होते. मी खिडकीतून बघायचो, ती माझ्याकडं बघून हंबरायची. जेवण जायचं नाही मला!

शेजारचे तात्या म्हणाले, "जनावराला मालकाचा वास लागतो. तुझी कापडं घालून बसव सूनबाईला."

मंगलनं लुगड्यावर माझा शर्ट चढवला, डोक्यावर माझी टोपी घातली आणि बसली. चंद्री जरा थंडावलीसुद्धा! तेवढ्यात तात्या स्वतःच आले. त्यांचा चष्मा घरी. गव्हाणीमागून त्यांना नुसती पाठ आणि टोपी दिसली.

"काय रं दत्त्या, बरा झालास व्हय!" म्हणत त्यांनी पाठीत धपकन थाप मारली.

पाठ वळली. वर टोपी, खाली कुंकू!

बादली एकीकडं, तात्या एकीकडं. पुढं आठवडाभर म्हातारा कालव्याच्या लांबच्या वाटेनं डेअरीला जात होता, आणि मंगलनं मला सुनावलं, "आता बास! टाके निघाले की माझा दादा टेंपो घेऊन येईल, चंद्रीला अंथुर्ण्याला नेईल. त्याच्याकडं धारा काढायचं मशीन हाय, तो सांभाळंल. लाथा खाऊन माझ्या मांड्या काळ्यानिळ्या झाल्यात!"

तिचंही खोटं नव्हतं. पण चंद्री गेल्यावर तो गोठा मला खायला उठला असता.

*

टाके निघाले. डॉक्टर म्हणाले, जखम मस्त भरलीय. म्हटलं, चला, आता धार काढायला मी मोकळा! घरी येतोय तर दारात टेंपो उभा, आणि मेहुणा हातात दावं घेऊन.

"एकदा बसू दे मला," म्हटलं.

चंद्रीनं हुंगलं, माझ्या कानाला जीभ लावली. मी बसलो, कपाळ टेकवलं. ती दचकली, बाजूला झाली. परत टेकवलं, परत बाजूला! कास तट्ट फुगलेली, पण थेंब नाही. कोवळी जखम ठणकायला लागली. मेहुणा हळूच म्हणाला, "दाजी, उठा आता. तुमालाच तरास व्हतोय." मी उठलो. डोळे पुसले, लाजायचं काय त्यात!

मंगल तडक घरात गेली. आली ती माझी टोपी कपाळावर ओढून, आणि टोपीच्या आत उजव्या भुवईवर काहीतरी फुगीर.

"सरका," म्हणाली.

बसली. चंद्रीच्या त्या केस गेलेल्या जागी कपाळ दाबून धरलं. चंद्रीनं एक लांब श्वास सोडला, रवंथ करायला लागली. आणि चर्र, चर्र... बादलीत फेस चढायला लागला!

मंगल मान न उचलता म्हणाली, "दादा, टेंपो रिकामा ने. आणि जायच्या आधी देव्हाऱ्यात बघ, गणपतीम्होरं इड्याची दोन पानं राहिलीत नुसती. वाण्याकडनं सुपारी घेऊन ये."

तेवढ्यात कुंपणापलीकडं तात्या आले. गव्हाणीमागची पाठ आणि टोपी बघून जागीच थांबले. हात मागं बांधले, आणि तिथूनच ओरडले,

"जे कोण असंल त्यानं आधी तोंड दाखवा, मग बोलतो!"