जवभर पुढे

मोटार चालू करायचं पुढचं हँडल मारायला मी भीत असे. आता म्हातारपणी हे बिनदिक्कत लिहितोय. तेव्हा कुणी तोंडावर म्हटलं असतं तर हातातला पाना फेकून मारला असता. धुळ्यात मोटारदुरुस्तीच्या कारखान्यात मी मिस्त्री होतो. वय अठ्ठावीस, हात चांगला आणि जीभ त्याहून तेज. पण मला काम शिकवणाऱ्या उस्तादांचं मनगट माझ्या डोळ्यांदेखत मोडलं होतं. ठिणगी वेळेआधी पडली की पिस्टन वर पोचायच्या आतच उलटा ढकलला जातो, आणि हँडल मारणाऱ्याच्या हातातलं हँडल लाथ मारतं. वाळलेली तुराटी मोडावी तसा तो हाडाचा आवाज. तो माझ्या कानातून गेलाच नाही.

त्यात आमच्या कारखान्याचा रिवाज असा, की ज्यानं ठिणगीचं टाइमिंग बांधलं त्यानंच पहिलं हँडल मारायचं. तुझ्या कामावर तुझाच भरवसा नसेल तर दुसऱ्यानं का हात घालावा? बोलणं रास्त होतं. मी मात्र दर वेळी काहीतरी काढायचो. कधी खांदा धरलाय, कधी बोट चेमटलंय.

लढाईची वर्षं होती. सुट्या भागांचा दुष्काळ. धुळे-शिरपूर सर्व्हिसची एक मोटार नरडाण्याजवळ बसली आणि बैल जुंपून आमच्या दारात आणली. मोटार एका मारवाडी शेठची. चालवायचे नाना, पन्नाशीचे, शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातले, शेती भावाकडे सोडून मोटारीवर आलेले. इंजिन उघडलं, रिंगा बदलल्या, व्हॉल्व घासले. त्यासाठी प्लगांना ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्यूटरही उपसून काढावा लागला. या जातीची मोटार मी पूर्वी उघडली नव्हती. पण काढताना त्याच्या जागेची खूण करून ठेवतोय तो मी कसला! शेठ म्हणाले, "मिस्त्री, जमेल ना?" मी म्हणालो, "शेठजी, डोळे बांधून बसवतो."

चौथ्या दिवशी सकाळी डिस्ट्रिब्यूटर बसवायला घेतला. पहिल्या प्लगाच्या भोकावर अंगठा दाबला आणि इंजिन हळूहळू फिरवलं. आतून हवेनं अंगठा उचलला तेव्हा पिस्टन दाबत वर येतोय हे कळलं. इंजिनाच्या चाकावरची खूण जुळवली. त्यातल्या फिरत्या रोटरचं तोंड पहिल्या तारेकडे करून डिस्ट्रिब्यूटर जागेवर उतरवला. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटांमध्ये विडीच्या पुड्याचा पातळ कागद धरला आणि तो जिथे अलगद सुटतो ती जागा धरली. इथंवर सगळं ठीक होतं. मग भीती आडवी आली. म्हटलं, ठिणगी थोडी उशिराच पडू दे; मोटार जरा मंद चालेल, पण हात तरी वाचेल. म्हणून डिस्ट्रिब्यूटर जवभर उजवीकडे वळवला आणि बोल्ट आवळला. रोटर ज्या बाजूला फिरतो त्या बाजूला वळवलं की ठिणगी उशिरा, उलट बाजूला वळवलं की आधी. माझ्या हाताखालून गेलेल्या मोटारींचे रोटर उजवीकडेच फिरायचे. हा कुठे फिरतो ते बघायला हवं होतं. नाही बघितलं.

दहाच्या सुमारास शेठ नारळ घेऊन आले. शिरपूरचे उतारू ओट्यावर बसलेले. हँडलला कुंकू लागलं आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. मी खांदा चोळला.

नाना हसले. "ऱ्हाऊ दे. गाडी मनी शे, मीच मारसू. बठ्ठं नीट बसाडं ना, भाऊ?"

"म्हणजे काय!" मी गुरकावलो.

इंजिन नव्या रिंगांनी घट्ट झालं होतं, म्हणून स्विच बंद ठेवून नानांनी ते आधी दोन वेळा हातानं फिरवलं. डिस्ट्रिब्यूटरची टोपी अजून माझ्या हातात होती. समोर रोटर उघडा. आणि तो डावीकडे फिरला.

जवभर मागे नव्हे, मी ठिणगी जवभर पुढे आणली होती. थांबा, एवढाच शब्द हवा होता. पण शेठ उभे, उतारू बघताहेत, आणि सकाळपासून माझी बढाई चाललेली. शिवाय बोल्ट सैल करून पुन्हा बांधला असता तर नाना म्हणाले असते, मग आता तूच मार. जवभरानं काय होतंय, असं मी मनाला सांगितलं. या हातांनी टोपी बसवली, तारा लावल्या आणि स्विच चालू केला.

नाना वाकले. त्यांची मूठ मी नीट बघितली. अंगठा चारी बोटांच्याच बाजूला, हँडलला वेढा न घालता, जाणत्या माणसानं ठेवावा तसा. त्यांनी हिसका दिला. एक दणका बसला, हँडल उलटं फिरलं, निसटलं आणि त्यांच्या मनगटावर आलं.

नाना डाव्या हातात उजवा हात धरून खाली बसले. शेठ धावले. "काय झालं? मिस्त्री, काय चुकलं?"

मी स्विच बंद करायला वळलो. नानांनी माझ्याकडे बघितलं, चांगलं क्षणभर बघितलं, आणि म्हणाले, "मना अंगठा मझार राही गया, शेठजी. मनीच चूक शे."

शेठ कपाळावर हात मारून म्हणाले, "इतकी वर्षं मोटार चालवता, नाना, आणि अंगठा आत घालायचा नाही हे कळत नाही?"

टांग्यातून मी त्यांना हाडवैद्याकडे नेलं. वाटेत त्यांनी हळूच विचारलं, "कितलं पुढे व्हतं?"

"जवभर," मी म्हणालो. मला रडू फुटलं.

"शेठले सांगू नको. मना हात ते गयाच, तुन्ही रोजी बी जाई."

परत येऊन मी टाइमिंग सुधारलं, कारखान्यात कुणी नसताना हँडल मारलं. पहिल्याच हिसक्याला मोटार चालू झाली.

नानांचं मनगट वाकडंच जुळलं. महिन्याभरानं ते आमच्या कारखान्यात शेठना भेटायला आले, म्हणाले, गियर डाव्याच हातानं पडतो, स्टिअरिंग या हातानं धरीन. मी खरं सांगितलं असतं तर शेठनं त्यांना ठेवलं असतं. माणूस वाईट नव्हता. पण अंगठ्याची चूक करणाऱ्याच्या हाती उतारू कसे द्यायचे, असं त्यांचं म्हणणं. ते बोलत होते तेव्हा मी तिथेच, बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होतो. डोकं बाहेर काढलं नाही. नाना गावी गेले.

नवा ड्रायव्हर तरणा होता. पहिल्याच दिवशी तो हँडलला हात घालायला गेला तेव्हा मी त्याच्यावर खेकसलो, "अरे, अंगठा बाहेर ठेव! आधीच्या ड्रायव्हरनं तेवढ्यानंच हात मोडून घेतला."