काकूंचा मारवा

टेप माझ्या हातून तुटली, तो अपघात होता. नंतर मी जे केलं, तो नव्हता.

शेलूबाजारला माझ्या बियाण्यांच्या दुकानामागे आम्ही चौघं रविवारी संध्याकाळी जमतो. पाळी असेल त्यानं आपल्या आवडीचं गाणं ऐकवायचं. संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही, दादसुद्धा द्यायची नाही. सगळ्यात मोठे जऊळक्याचे काका, निवृत्त शिक्षक. काकू गायच्या. त्या गेल्या, मागे उरली त्यांनी गायलेल्या मारवा रागाची एकच कॅसेट. काकांना कानात मशीन लावूनही कमी ऐकू येऊ लागलं होतं. "कान पुरते जायच्या आधी एकडाव नीट आयकू दे, बाबू," म्हणत त्यांनी ती पेनड्राइव्हवर उतरवायला माझ्याकडे दिली.

माझा टेपरेकॉर्डर कित्येक वर्षं बंद होता. आधी दुसरी एखादी कॅसेट लावून बघायला हवी होती. मी थेट तीच लावली. फीत आत अडकली, मी घाबरून ओढली. हाती आला तो चुरगळलेला गुंता.

सांगायची हिंमत झाली नाही. इंटरनेटवरून एका अनोळखी बाईंचा मारवा घेतला आणि वर जुन्या टेपची खरखर मिसळली. काकांच्या कानांना काय कळणार, असं मी मनाशी म्हटलं.

रविवारी तो लावला. मारवा तसाही जिवाला टेकू देत नाही. षड्जाच्या दारापर्यंत यायचं आणि मागे फिरायचं. काकांचा मांडीवर ताल धरणारा हात थांबला. त्यांनी मशीन काढलं, धोतरानं पुसलं, परत लावलं. मग नियम मोडून मध्येच विचारलं, "हे तिचंच हाय ना?"

"हो, काका."

"मंग मले काहून ओळखू येऊन नाही राह्यलं?"

"घ्या! लग्नाची बायको इसरले!" आमच्यातला एक म्हणाला. "सेल बदला, काका!"

सगळे हसले. मीही. काका एकटक माझ्याकडे बघत होते.

त्यानंतर ते आले नाहीत. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या सुनेचा फोन आला. "भाऊजी, बाबानं मशीन काढूनच ठेवलं. म्हणतात, तिचाच आवाज गेला, आता आयकाचं काय राह्यलं? तसेच रूळ ओलांडून वावरात जातात. काल गाडीनं केवढा भोंगा वाजवला, यायनं मान बी वळवली नाही."

मी तसाच निघालो. जऊळक्याला पोचलो तेव्हा काका रुळांच्या पलीकडून, खाली बघत, सावकाश येत होते. गाडीचा सिग्नल पडलेला होता. मी धावत जाऊन त्यांचा दंड धरला आणि घरी आणलं. सुनेकडून मशीन घेऊन स्वतः त्यांच्या कानात बसवलं.

"काका, तुमचे कान चांगले हायेत. तो आवाज काकूचा नोयताच. त्यायची टेप मी तोडली, अन् तुमाले दुसऱ्याच बाईचं गाणं आयकवलं. तुमी इचारलं तवा बी खोटं बोललो. मले माफ करा."