बोटभर ढील

जालिंदर गेल्याचा निरोप आला तेव्हा मी अंगणात ट्रॉलीखाली वाकून मागच्या दिव्याची वायर ओढून बघत होतो. सुनेनं फोन हातात आणून दिला. पलीकडून त्याची बायको, हिरावहिनी, एवढंच म्हणाल्या, "भावजी, सकाळी चा पिऊन जरा टेकलं... त्ये उठलंच न्हाईत." मी फोन ठेवला, आणि काय सुचलं कुणास ठाऊक, पुन्हा खाली वाकून ती वायर आणखी एकदा ओढली. आता सव्वा महिना होऊन गेला. पन्नास वर्षांच्या दोस्तीत या माणसानं मला इतकं हसवलंय की सुतकी तोंडानं त्याच्यावर लिहिलं तर तो वरून शिव्या घालेल. म्हणून तो जसा होता तसाच सांगतो.

मोठा दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते. मी तेव्हा ट्रक चालवायचो. कराडहून आटपाडीला गूळ आणि सिमेंट न्यायचं, येताना लोकर नाहीतर घोंगडी आणायची, आणि मधूनमधून कांदे-बटाटे घेऊन महाबळेश्वर गाठायचं. जालिंदर मूळचा आटपाडीकडचा, मेंढपाळाच्या घरातला. सात वर्षं फौजेत गाड्यांच्या वायरिंगचं काम करून तो सुटला आणि मलकापुरात रस्त्याकडेला पत्र्याचं शेड ठोकून बसला. तोवर आम्हा ड्रायव्हर लोकांना जोड म्हणजे दोन वायरी पिळायच्या आणि वर चिकटपट्टी गुंडाळायची एवढंच ठाऊक. हा गडी तारा घासून लख्ख करायचा, पिळायचा, वर कथील ओतायचा, नळी चढवायचा. आणि वायर कशी, तर पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी ताठ! "फौजेत वाकडंतिकडं चालत न्हाई," असं म्हणून मिशीला पीळ द्यायचा. मी माझ्या ट्रकचं सगळं वायरिंग त्याच्याकडून करून घेतलं आणि स्टँडवर सगळ्यांना दाखवत हिंडलो.

आषाढात त्याला आटपाडीजवळच्या एका वाडीतली मुलगी बघायची होती. मुलीचे वडील बिरूमामा, मोठ्या कळपाचे धनी. त्यांनी आधीच निरोप धाडला होता, "रान न्हाई, मेंढरं न्हाईत, वायरी जोडून पोटाला काय खातो ह्यो?" त्यामुळं जालिंदरनं ठरवलं की जायचं ते माझ्या ट्रकमधून. आपलं काम सासऱ्याला डोळ्यांनी दिसू दे. हौद्यात चार पाहुणे, केबिनमध्ये आम्ही दोघं, त्याच्या अंगात पांढराशुभ्र सदरा. विट्याच्या पुढं रस्ता कसला, नुसती दगडांची रास. गाडी आदळत-आपटत वाडीच्या तोंडाशी आली आणि कुणी हात लावला नसताना हॉर्न बोंबलायला लागला... थांबेचना! समोरून बिरूमामांचाच कळप येत होता. मेंढरं अशी उधळली की निम्मी ओढ्यात, निम्मी कुणाच्या तरी मटकीत. मी बॅटरीची तार उपसली तेव्हा कुठं शांतता झाली.

जालिंदर पांढऱ्या सदऱ्यानिशी गाडीखाली घुसला. हॉर्नच्या बटणाकडं जाणारी तार जोडाशी तुटून चेसीच्या लोखंडाला टेकली होती, म्हणजे कुणी बटण दाबूनच बसल्यासारखं झालं होतं. तेवढ्यात काखेत कोकरू आणि हातात लोकर कातायची चाती घेऊन एक मुलगी वाकून खाली बघायला लागली. तिनं ती तुटकी तार बघितली, ताणलेली दुसरी वायर बोटानं टणकन वाजवली आणि म्हणाली, "कोकराचं दावं असं ताठ बांधलं तर एका हिसक्यात त्याचा गळा आवळंल. हिसका खुंटीवर यावा, गळ्यावर न्हाई. मेंढक्याच्या घरातलं तुमी, फौजेत जाऊन दावं बांधायचं इसरलासा व्हय?" आणि चातीवरचा काळ्या लोकरीचा दोरा तोडून तिनं त्याच्या पुढ्यात टाकला. तीच हिरा. ज्याला पोहे देताना बघायचं, त्याला तिनं गाडीखाली ग्रीस फासलेल्या तोंडानं बघून घेतलं. जालिंदर तिथंच गार झाला, हे मी शेजारून बघितलंय.

बिरूमामांची गोष्ट मात्र वेगळी होती. मेंढरं गोळा करून दमलेला माणूस, घशाला कोरड पडलेली. पोहे झाले, पण सुपारीचं नाव काढेनात. शेवटी आम्ही उठलो तेव्हा म्हणाले, "दिवाळीपातुर ह्यो भोंगा नीट वाजला तर सुपारी फोडू. आन् दाबल्यावरच वाजाया पायजे, आपसूक न्हाई!"

त्या दिवसापासून माझा ट्रक म्हणजे जालिंदरचं नशीब झाला. तुटलेला जोड त्यानं नव्यानं केला. जोडाच्या दोन्ही अंगांना वायर चेसीला हिराच्या दोऱ्यानं बांधली, वर मेण चोळलं, आणि मधे बोटभर ढील सोडली. दर खेपेला बिरूमामांच्या दारात मी हॉर्न द्यायचा आणि म्हातारा मान न हलवता आत जायचा. श्रावणात महाबळेश्वरच्या पावसानं हॉर्नच्या कनेक्टरमध्ये पाणी साठलं, आतलं पितळ हिरवं पडलं आणि हॉर्न दमेकऱ्यासारखा खोकायला लागला. मी म्हटलं, असू दे, आणि केबिनमध्ये सीटखाली एक रबरी भोंगा लपवून ठेवला. वाडीत तोच पिळला असता, कुणाला कळतंय! जालिंदरला तो सापडला तेव्हा मी त्याला पहिल्यांदा चिडलेला बघितला. भोंगा त्यानं ओढ्यापलीकडं भिरकावला. "हणमा, फसवून आणलेल्या बायकूच्या तोंडाकडं जलमभर कसं बगू रं?" मग त्यानं तो कनेक्टर लिंबानं घासला, ग्रीस भरलं आणि त्याचं तोंड खाली केलं, म्हणजे पाणी आत उभं राहणार नाही. मला माझीच लाज वाटली.

दिवाळीच्या पाडव्याच्या आदल्या दिवशी आम्ही वाडीत पोचलो. या खेपेला बिरूमामा स्वतः केबिनमध्ये चढले. बटण दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं. तेवढ्यावर भागलं नाही. फेटा काढून माझ्या हातात दिला, गाडीखाली शिरले आणि तो जोड दोन्ही हातांनी धरून गड्यानं असा ओढला की जालिंदरनं डोळेच मिटले. जोड हलला नाही. मामा धूळ झाडत बाहेर आले आणि म्हणाले, "पोरी, पाहुण्यास्नी पाणी दे गं." वाडीभर हसू पसरलं. मी आनंदाच्या भरात इतका वेळ हॉर्न दिला की मेंढरं पुन्हा उधळली.

पुढं शेडचं दुकान झालं, पण एक रीत कधी मोडली नाही. गाडी सोडण्याआधी जालिंदर गिऱ्हाईकाला वाकायला लावायचा, मालक असो नाहीतर साहेब. "वडून बगा. माझ्या सासऱ्यानं वडलाय, तुमी बी वडा." कुणी लाजून हळूच ओढलं तर म्हणायचा, "आवं, माया करताय का तपासताय?" माझा ट्रक भंगारात गेला तेव्हा त्यानं तो जोड वितीएवढ्या वायरीसकट कापून घेतला. काळ्या दोऱ्याचे दोन्ही वेढे वायरीवर तसेच राहिले. दुकानात खिळ्याला तो कायम टांगलेला असायचा.

परवा वहिनींना भेटायला गेलो. वाटेत काय बोलायचं ते जुळवलं होतं, पण दुकानात त्याचं मोडकं स्टूल दिसलं आणि सगळं विसरलो. मला माझा दोस्त हवा होता, बाकी काही नको होतं. वहिनींनी खिळ्यावरचा तो तुकडा काढला आणि माझ्या हातात दिला.

"वडून बगा, भावजी."

मी दोन्ही हातांनी ओढला. असेल नसेल तेवढ्या जोरानं ओढला.

"सुटला का?"

"न्हाई."

"मग रडतायसा कशापायी?"