पावतीची मागची बाजू

कोणताही कागद हातात दिला की ते आधी तो उलटा करत. वाचायचं नंतर. मागची बाजू कोरी असली तरी तिच्यावरून अंगठा फिरवत, कागद उजेडाकडे धरत आणि मग म्हणत, "हं. आता पुढचं बघू."

देगलूरला रजिस्ट्री कचेरीसमोर पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं टेबल होतं. खरेदीखतं, हक्कसोडपत्रं लिहून द्यायचा धंदा. त्यांचे वडील निजामाच्या काळात अर्ज लिहून देणारे अर्जनवीस होते, म्हणून सारं गाव यांनाही मुन्शीजीच म्हणायचं. तुम्ही कधी घर विकलं असेल, तर असा एखादा माणूस तुमच्याही वाट्याला आला असेल. तेव्हा तुम्ही त्याला मनातल्या मनात शिव्याच दिल्या असणार. मीही दिल्या.

संशय हा त्यांचा स्वभावच. एकदा नायगावकडचा एक म्हातारा स्वतःचा प्लॉट विकायला आला होता. मुन्शीजींनी त्याचं आधार कार्ड उलटंसुलटं केलं, फोटो त्याच्या तोंडाशेजारी धरला आणि विचारलं, "तुम्ही तेच कशावरून?"

"मंग कोन हाव मी?" म्हातारा भडकला.

"ते कार्ड सांगून राहिलं. तुम्ही सांगा. आईचं नाव काय?"

म्हाताऱ्याने आईचं नाव सांगितलं, आजोळ सांगितलं, वर मामांची नावंही सांगितली. मुन्शीजींनी सगळं शांतपणे ऐकलं आणि शिसपेन्सिलीने कच्च्या मसुद्याच्या पाठीवर टिपून ठेवलं. ही त्यांची दुसरी खोड. मनात आलेली प्रत्येक शंका त्या बारीक अक्षरात कागदाच्या पाठीवर उतरायची. स्वतःच्या मुलीची लग्नपत्रिका छापून आली तेव्हा तीही त्यांनी आधी उलटी करून पाहिली होती, असं समोरचा चहावाला हसत हसत सांगायचा.

आमचं घर विकायचं होतं. मी लातूरला नोकरीला, धाकटा भाऊ पुण्याला. वडील, आमचे दादा, गेले आणि घराला कुलूप लागलं. गिऱ्हाईक चांगलं मिळालं होतं, शाळेत शिकवणारं जोडपं. त्यांचं बँकेचं कर्ज मंजूर होतं, पण महिन्याभरात खरेदीखत झालं नाही तर ते दुसरं घर बघणार होते. मी फाईल घेऊन शेडमध्ये गेलो. वडिलांचं मूळ खरेदीखत, नगरपरिषदेचा उतारा, बांधकाम परवानगी, मृत्यूचा दाखला, वारसाचं शपथपत्र, वकिलाचा शोध अहवाल, वीजबिल, सगळं होतं. मला वाटलं, तासाभराचं काम.

पहिल्या दिवशी ते म्हणाले, "परवानगीचा नकाशा कुठंय?" दुसऱ्या खेपेला, "नकाशावर जिना डावीकडं हाय. घरात कुठंय?" तिसऱ्या खेपेला मृत्यूच्या दाखल्यातलं आणि खरेदीखतातलं वडिलांचं नाव एकाच माणसाचं आहे, याचं प्रतिज्ञापत्र आणायला लावलं. दर खेपेला लातूर ते देगलूर. आता मलाच त्यांचा संशय यायला लागला. या माणसाला हे घर दुसऱ्या कुणाच्या घशात घालायचं असेल, म्हणून तो दिवस काढतोय, असं मी मनाशी पक्कं केलं. चहावाल्याला हळूच विचारलं, "मुन्शीजी कोणाचे?"

"कोनाचेच न्हाईत," तो म्हणाला. "म्हणून तर लोक वैतागून राहिले."

चौथ्या खेपेला त्यांनी घरपट्टीच्या पावत्या मागितल्या. मी तारखेनुसार लावलेला गठ्ठा पुढे ठेवला. त्यांनी सवयीप्रमाणे एकेक पावती उलटी केली. शेवटच्या सात वर्षांच्या पावत्यांच्या मागे वडिलांच्या थरथरत्या अक्षरात एकेक ओळ होती. 'हस्ते कमल.' 'हस्ते कमल, औषध पण तिनेच आणले.'

"ही कमल कोण?"

"बहीण. मोठी. इथंच दोन गल्ल्या सोडून असते."

"शपथपत्रात तर दोघंच भाऊ हाईत. बहीण कुठं गेली?"

"लग्न होऊन गेली, मुन्शीजी."

"दोन गल्ल्या?"

मी गठ्ठ्याच्या कडा जुळवू लागलो. "मागं काही लिहिलंय, हे मी बघितलंच नाही," मी म्हणालो. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, पुढे काही विचारलं नाही.

आमच्याकडे यावर तोड ठरलेली असते. बहिणीला कचेरीत आणायचं, हक्कसोडपत्रावर सही घ्यायची, साडी-चोळी करायची आणि जेवू घालून पाठवायचं. दुसऱ्या दिवशी मी कमलअक्काला घेऊन आलो. मुन्शीजींनी हक्कसोडाचा मसुदा तयार ठेवला होता. पण त्यांची नजर माझ्या हाताकडे.

"पिशवीत काय हाय?"

"साडी."

"सहीच्या आधीच आणली?"

मी पिशवी टेबलाखाली सरकवली. ते म्हणाले, "तुम्ही टपरीवर थांबा. मला बाईंना एकटीला विचारायचंय. तीन कप चहा प्या."

टपरीवरून मला सगळं दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. ते विचारत होते, अक्का मान हलवत होती. ते पुन्हा विचारत होते. हा म्हातारा तिचे कान भरतोय याबद्दल आता मला शंकाच उरली नाही. मग अक्काने पदर डोळ्यांना लावला. मी दुसरा कप तसाच ठेवून दिला.

ती बाहेर आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाळू, हक्क सोडत न्हाई मी. विकनाऱ्यांत माझंबी नाव लिव्हा."

मुन्शीजींनी मसुद्यावर दोन आडव्या रेघा मारल्या आणि तो माझ्या हातात दिला. "फाडू नका. फायलीत असू द्या."

मी रागाने तो तसाच फाईलमध्ये कोंबला. नवं शपथपत्र झालं, उताऱ्यावर तीन नावं लागली, जोडपं थांबलं आणि महिना संपायच्या आत खरेदीखतही झालं. सर्वांत आधी सही अक्काने केली. कॅमेऱ्यासमोर फोटो काढताना तिने पदर नीट केला आणि ताठ बसली. साडी मी लातूरला परत नेली. मुन्शीजींना नमस्कारही केला नाही.

गेल्या वर्षी ते वारले. ऐकलं तेव्हा मी नुसतं 'अरेरे' म्हणालो. त्या टेबलावर आता दुसरं कुणीतरी बसतं.

परवा अक्काचा फोन आला. "बाळू, दादांच्या अक्षरातल्या त्या पावत्या मला दे रे. तेवढंच काय ते लिहिलंय त्यांनी माझ्यासाठी." मी फाईल काढली. पावत्यांबरोबर तो रेघा मारलेला मसुदाही बाहेर आला. मी तो पहिल्यांदा उलटा केला. मागे शिसपेन्सिलीने लिहिलं होतं:

'बाई म्हणते, भाऊ म्हणेल तिथे सही करते. तीनदा विचारलं, तेच म्हणते. चौथ्यांदा विचारलं, बापाच्या घरावर तुमचं नाव एकदाही नको का, तर रडली. हक्कसोड करू नये. भाऊ लबाड वाटत नाही. पावत्या उलटून पाहिल्या नसतील.'

मी तो कागद पावत्यांशेजारी ठेवला. पोटच्या मुलीच्या पत्रिकेवरही विश्वास न ठेवणाऱ्या त्या माणसाने माझ्यावर ठेवला होता. आणि मी तर तारखेनुसार गठ्ठा लावताना त्या साती पावत्या उलटून पाहिल्या होत्या.