थंड्या भाकरी

नरखेड तालुक्यातल्या आमच्या घरी संत्र्याची तोड चालू असली तरच मजुरी यायची. एरवी भाकरी मोजक्याच. तव्यावरची गरम भाकरी आधी बाबा आणि भाऊ खात, मग मी. आई सगळ्यांत शेवटी. कित्येकदा तिच्या वाट्याला करपलेली अर्धीच यायची.

नागपूरला बी.ए. करताना आमच्याकडच्याच खेड्यावरची एक कादंबरी अभ्यासाला होती. सुट्टीत मी ती आईला वाचून दाखवली. कादंबरीतली सासू जन्मभर उरलंसुरलं जेवलेली. एक दिवस सून सगळ्यांसोबत ताट घेऊन बसते, सासू चिडते आणि घरात भांडण पेटतं.

"बरोबर केलं सुनेनं, सासूचंच चुकलं," मी म्हणाले.

"सासूले काहून नावं ठेवतं वं?" आई भाकरी थापत म्हणाली. "तिले कोणी कधी बस म्हटलं काय?"

बाबा खाटेवर ऐकत होते. त्या दिवशी ताट वाढलं तरी त्यांनी घास घेतला नाही.

"तू बी बस वं," ते आईला म्हणाले.

"अन् भाकरी कोण टाकीन? हे पुस्तक?"

"आधी साऱ्या टाकून घे, मंग संगं बसू. थंड्या खाऊ."

आई बसली, पण शेजारीण पाहील म्हणून दाराकडे पाठ करून.

कादंबरीतलं भांडण शेवटपर्यंत मिटत नाही. आमच्या घरात मी पहिली पदवीधर झाले, आणि आई आता रोज आमच्यासोबत जेवते.